पाटीवर गावरान, ताटात गाव कुठं आहे?



आज बोंडअळी नाही, फवारणी नाही. आज हॉटेलावर लिहितो. काहून की हॉटेल हाही शेतीचाच विषय आहे, आपण त्याला तसा धरत नाही एवढंच.

ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरून राहिला आहे. खेड्यापाड्यात बर्गरची दुकानं निघाली, पोट्टे बिघडले, भाकर सोडून पाव खाऊन राहिले, आपली संस्कृती बुडाली. आणि खाली सगळ्यांचे हात जोडलेले.

मला हा मेसेज पटत नाही. गडचांदुरात सिमेंटची नोकरी आहे, ट्रक आहेत, परप्रांतातले कामगार आहेत, कॉलेजची पोरं आहेत. जिथं पगार होतो तिथं बाहेर खाणं वाढतंच. पोट्टा साठ रुपयाचा बर्गर खातो म्हणून त्याला शिव्या द्यायच्या, आणि आपण कापूस विकून येताना धाब्यावर हजार-दीड हजाराचं बिल करायचं, हा कुठला न्याय? पोट्ट्याला बोलणं सोपं आहे. तो उलटून बोलत नाही.

माझं भांडण बर्गरशी नाही, धाब्याशी आहे. त्यातही धाब्याच्या पाटीशी. पण आधी बर्गरचं पाहू, म्हणजे फरक कळेल.

बर्गर उघडून पाहा

पाव मैद्याचा. तो गहू आपल्या तालुक्यातला नाही. आतली आलूची टिक्की बहुतेक दुकानात गोठवलेली, पाकिटातून येते. चीज म्हणून जे पिवळं पान टाकतात त्यात कित्येकदा दुधाच्या फॅटऐवजी पामतेल असते. पांढरं मेयोनीज बिनअंड्याचं, म्हणजे तेही मुख्यतः तेलच. तळायला पुन्हा पामतेल, इंडोनेशिया-मलेशियाचं. कोरपना तालुक्यातलं त्यात काय? फार तर पाणी.

पण बर्गरवाला पाटीवर "गावरान" लिहित नाही. तो बर्गर विकतो आणि बर्गर म्हणूनच विकतो. यात फसवणूक नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती मेसेजवाल्यांना आवडणार नाही. 1996 साली मॅकडोनाल्ड्स भारतात आलं. गाईचं मांस न विकता. पण दुकान उघडायच्या आधी काही वर्षं त्यांनी माल पुरवणारी माणसं उभी केली. तळेगावकडं लेट्यूसची पानं पिकवून घेतली. पुढं मॅक्केन कंपनीनं गुजरातेत मेहसाण्याकडं आलूचा कारखाना टाकला. तिथं कास्तकाराशी करार आधी होतो, जात ठरते, दर ठरतो, मग लागवड होते.

हे सगळं गोडच आहे असं नाही. 2019 मध्ये पेप्सिकोनं त्याच गुजरातेत चिप्सच्या आलूची जात लावली म्हणून कास्तकारांवर एकेकी एक कोटीच्या वरचे दावे ठोकले होते. ओरड झाली तेव्हा मागे घेतले. कंपनी ही कंपनीच असते. पण एवढं खरं की परदेशी बर्गरवाला आलूसाठी कास्तकाराच्या वावरापर्यंत गेला. आपला धाबेवाला कोंबडीसाठी आपल्या गावात येत नाही. गाव दोन कोसावर असलं तरी.

आता धाबा उघडून पाहा

राजुरा-गडचांदूर-कोरपना रस्त्यावर जा नाहीतर चंद्रपूर-नागपूर रस्त्यावर जा. पाट्या सगळीकडं सारख्या. गावरान कोंबडा. चुलीवरची भाकर. सावजी मटण. एचएमटी राईस. बैलगाडीचं चित्र, कंदील, वर टांगलेलं सूप. सगळं आपल्या घरातून उचललेलं. आपल्या घरातून उचललेलं नाही ते फक्त जेवण.

एकेक घेतो.

1. गावरान कोंबडा. ब्रॉयलर चाळीसेक दिवसात दोन किलोचा होतो. तेवढ्यात तो साधारण साडेतीन किलो खाद्य खातो. आपली परसातली खरी गावरान कोंबडी त्याच वजनाला पाच-सहा महिन्यांतही धड पोहोचत नाही. दाणे टिपते, किडे खाते, मुंगूस नेते, घार नेते, मानमोडी आली की रात्रीतून खुराडा रिकामा होतो. म्हणून ती महाग. आता मला सांगा, रोज दोन-तीनशे गिऱ्हाईक करणाऱ्या धाब्यावर बारा महिने गावरान कोंबडा येतो कुठून? कुठल्या गावात एवढे खुराडे आहेत? बहुतेक ठिकाणी ताटात येतो तो अंड्याच्या जातीचा नर, नाहीतर अंडी देऊन थकलेली कोंबडी, नाहीतर गिरीराज-वनराजसारखी सुधारित जात. यात वाईट काही नाही. गिरीराज बंगळूरला तयार झाली, वनराज हैदराबादला, शास्त्रज्ञांनी परसातल्या पालनासाठीच केली. घरोघरी पाळावी अशीच आहे. पण तिला गावरान म्हणून विकलं की खरी गावरान पाळणारी बाई मार खाते. ती बाजारात योग्य भाव सांगते तर गिऱ्हाईक म्हणते, "काहून वो मावशी, धाब्यावर तर पूर्ण थाळी एवढ्यात भेटते."

इथंच नुकसान आहे. खोट्या पाटीनं खऱ्या मालाचा भाव पाडला.

2. चुलीवरची भाकर. धाब्यावरची भाकर पाहा, पांढरीशुभ्र. ती ज्वारी रब्बीची, मालदांडी धाटणीची, सोलापूर-मंगळवेढ्याकडची. आपल्याकडं ज्वारी खरिपाची होती. संकरित ज्वारीचे दिवस ज्यांना आठवतात त्यांना हेही आठवेल की दाणा भरायच्या वेळी पाऊस आला की कणीस काळं पडायचं आणि व्यापारी पाडून मागायचा. मग सोयाबीन आलं, ज्वारी गेली. राहिली होती ती रानडुकरांनी आणि पाखरांनी संपवली. एकट्यानं एक एकर पेरली तर सगळ्या शिवाराची डुकरं त्याच एका वावरात. जिवती पहाडावर कोलाम-गोंडांच्या गुड्यांवर अजून ज्वारी दिसते. काहून की तिथं ती विकायला नाही, खायला पेरतात आणि रात्रभर जागली करतात.

ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर ढोरं कमी झाली, ढोरांबरोबर शेणखत गेलं. सोयाबीनच्या कुटारावर बैल जगतो, फुगत नाही. एक भाकर ताटातून गेली की मागं किती गोष्टी जातात ते बघा.

आता हिशेब. 2025-26 ला संकरित ज्वारीचा हमीभाव 3699 रुपये क्विंटल होता, मालदांडीचा 3749. म्हणजे किलोला सदतीस रुपये, तेही मिळाले तर. किलोभर पिठात आठ-नऊ भाकरी होतात. धाब्यावर भाकर वीस रुपयांना धरा, एकशे साठ-एकशे ऐंशी झाले. भाकर थापणाऱ्या बाईची मजुरी आहे, सरपण आहे, जागा आहे, मान्य. धाबेवाल्यानं कमवू नये असं मी म्हणत नाही. मी म्हणतो की भाकरीला एवढी मागणी असताना आपल्या तालुक्यातला एकही दाणा त्यात नाही, आणि आपण त्यावर कधी बसून बोललो नाही.

3. सावजी. हा तर आपल्या विदर्भाचा मान. नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरातून निघालेली ही भाजी. तिची खरी ओळख मसाल्यासोबत जवसाच्या तेलाची. आज पुण्यापर्यंत सावजीच्या पाट्या लागल्या. सांगा, किती ठिकाणी जवसाचं तेल आहे? तर्री लाल दिसते, पण खालचं तेल सोयाबीनचं नाहीतर पामचं. सावजी वाढलं आणि जवस घटलं, असं उलटं गणित आपल्याच भागात झालं.

जवस आपलं रब्बीचं पीक. तिकडं ब्रह्मपुरी, नागभीड, मूलकडं धानाच्या बांधीत उतेऱ्यावर जवस आणि लाखोडी टाकायचे. इकडं काळ्या मातीत हरभऱ्यात ओळी असायच्या. पाणी मागत नाही, ढोर तोंड लावत नाही, रानडुकराचाही त्रास कमी. कृषी विद्यापीठानं नागपूर केंद्रातून जवसाच्या चांगल्या जाती दिल्या. बियाणं आहे, जमीन आहे. नाही ते गिऱ्हाईक. आणि गिऱ्हाईक तर रस्त्यावर पाटी लावून बसलं आहे!

आणखी एक. जवसाचं तेल लवकर खवट होते, महिनोन्‌महिने साठवता येत नाही. लोक याला दोष म्हणतात. मी याला आपला फायदा म्हणतो. जे तेल लांबून आणून टिकत नाही ते जवळच्याच घाणीवरून ताजं घ्यावं लागेल. तिथं इंडोनेशियाशी स्पर्धाच नाही.

4. एचएमटी. चंद्रपूर जिल्ह्यात बसून जो एचएमटी भात खातो त्याला दादाजी खोब्रागडे माहीत पाहिजेत. नागभीड तालुक्यातलं नांदेड गाव, दीड एकराचा धनी, शिक्षण तिसरीपर्यंत. धानाच्या बांधीत वेगळी दिसलेली लोंबी त्यांनी वेगळी ठेवली, वर्षानुवर्षं निवडत गेले आणि ही जात झाली. नावसुद्धा त्यांचं लागलं नाही. त्या काळी एचएमटीचं घड्याळ गाजत होतं, बाजारात तेच नाव पडलं. पुढं विद्यापीठानं त्यातूनच पीकेव्ही एचएमटी काढली. दादाजींना पुरस्कार मिळाले, पैसा मिळाला नाही. 3 जून 2018 ला ते गेले. त्यांच्या तांदळाची प्लेट आज प्रत्येक हॉटेलात आहे. पाटीवर घड्याळाचं नाव आहे, माणसाचं नाही.

आपलं सोयाबीन कुठं आहे मग?

ताटात आपलं काहीच नाही असं म्हटलं तर ते पूर्ण खरं नाही. आहे, पण ओळखू येत नाही.

एक क्विंटल सोयाबीनमधून अठराएक किलो तेल निघते. बाकी ढेप. ती कोंबड्यांच्या खाद्यात जाते. म्हणजे धाब्यावर आपण जी ब्रॉयलर हंडी खातो त्यात आपलंच सोयाबीन मांस होऊन परत आलेलं असते. आपण हमीभावाच्या खाली विकतो आणि हंडीच्या भावानं परत विकत घेतो. 2025-26 चा हमीभाव 5328. बाजारात काय मिळाला ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

आणि तेलाचं काय? देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येते. सप्टेंबर 2024 मध्ये सरकारनं कच्च्या पाम, सोयाबीन, सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क 20 टक्के केलं. कास्तकाराला जरा बरं वाटलं. 30 मे 2025 ला ते 10 टक्क्यांवर आणलं. नेमकं पेरणीच्या तोंडावर. कारण काय, तर तेल महागलं, घरचं बजेट बिघडलं. म्हणजे शहराची आणि हॉटेलाची कढई गरम राहावी म्हणून आपला भाव थंड ठेवला. बर्गर असो का हंडी, तळाला हेच तेल आहे. संस्कृती बुडाली म्हणून रडणाऱ्या एकाही मेसेजात मी हा आयात शुल्काचा आकडा वाचला नाही.

स्टेकवाल्यांचं उदाहरण

पोरं मोबाईलवर अमेरिकेतल्या स्टेक हॉटेलांचे व्हिडिओ पाहतात. जाड मांसाचा तुकडा तव्यावर. आपल्याकडं तो प्रकार येणार नाही. 2015 पासून राज्यात गाईबरोबर बैल आणि गोऱ्ह्याच्या कत्तलीलाही बंदी आहे. त्यामुळं म्हाताऱ्या बैलाचं कास्तकारानं काय करावं हा प्रश्न तसाच लोंबकळत आहे, पण त्यावर वेगळं लिहावं लागेल. आज व्हिडिओतली एक गोष्ट घ्या. तिथं चांगल्या हॉटेलात मेनूवर जनावराची जात लिहितात, अँगस वगैरे. काही ठिकाणी कुठल्या फार्मचं तेही लिहितात. गिऱ्हाईक ते वाचून पैसे जास्त देते.

पण तिथला कास्तकारही फार सुखात आहे असं समजू नका. गोमांसाच्या धंद्याचा साधारण 85 टक्के भाग चार मोठ्या कंपन्यांच्या हातात आहे. तिथलंच कृषी खातं सांगते की लोक खाण्यावर जो एक डॉलर खर्च करतात त्यातले पंधरा-सोळा सेंटच शेतात पोहोचतात, आणि हॉटेलातल्या खाण्यात तर त्याहून कमी. म्हणून नुसतं नाव लिहून भागत नाही. नाव पाहिजे आणि नावाचा भावही पाहिजे. पण आपल्याकडं तर नावच खोटं. भावाची गोष्ट करायची तरी कशी?

धाबेवाल्याची बाजू

आता दुसरी बाजू, नाहीतर एकतर्फी होईल. धाबेवाले काय म्हणतात ते मी ऐकलं आहे. ते म्हणतात, "भाऊ, मले रोज दहा कोंबडे लागतात, एका मापाचे, सकाळी सातला. तुमच्या गावातून आज चार येतात, उद्या एकही नाही, परवा लग्नसराई म्हणून भाव दुप्पट. मी गिऱ्हाईकाले काय सांगू?" दुसरं, त्याला माल उधारीवर पाहिजे, महिन्यानं हिशेब. कास्तकाराला हातात पैसा पाहिजे. तिसरं, जवसाचं तेल दुप्पट महाग, आणि गिऱ्हाईक थाळीचा भाव पाच रुपये वाढला की शेजारच्या धाब्यावर जाते.

यातलं पहिलं आणि दुसरं खरं आहे. ते आपल्या बाजूनं सुटेल, त्याच्या बाजूनं नाही. एकट्या कास्तकाराला रोजचा माल देणं जमणार नाही, दहा-पंधरा घरांच्या गटाला जमेल. बचत गटाच्या बाया आज पापड-लोणच्याचं प्रदर्शन करतात. त्यांनाच गिरीराजचं पालन आणि रोजचा पुरवठा दिला तर जास्त कमवतील.

तिसरं मला मान्य नाही. गिऱ्हाईक जास्त पैसे देतच नाही असं असतं तर पाटीवर "गावरान" लिहिलंच कशाला असतं? त्या एका शब्दाचे पैसे तो आजही घेऊन राहिला आहे. फक्त ते आपल्यापर्यंत येत नाहीत.

कोणी म्हणेल सरकारनं योजना काढावी. ते करून झालं. 1995 ला एक रुपयात झुणका-भाकर निघाली. अनुदान होतं तोवर भाकर होती, अनुदान थांबलं आणि कितीतरी टपऱ्यांवर वडापाव आणि चायनीज सुरू झालं. अनुदानावर उभी केलेली भाकर अनुदानाबरोबर पडते. गिऱ्हाईकाच्या मागणीवर उभी केली तर टिकेल.

मग करायचं काय

माझ्या चार मागण्या आहेत. मोठ्या नाहीत.

एक, धाबेवाल्यांना. पाटीवर गावाचं नाव लिहा. कोंबडी अमुक गावची, तांदूळ मूलचा, ज्वारी सोलापूरची, तेल सोयाबीनचं. जे असेल ते. सोलापूरची ज्वारी लिहायला लाज कसली? पण गावरान लिहायचं तर गाव सांगा. गाव सांगता येत नसेल तर शब्द पुसा. मोठ्या साखळी हॉटेलांना मेनूवर कॅलरी लिहायचा नियम आहे. आम्ही कॅलरी नाही मागत, गावाचं नाव मागतो.

दोन, कृषी विभाग, विद्यापीठ आणि सिंदेवाहीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साहेबांना. जवसाचं प्रात्यक्षिक बियाण्याच्या पिशवीवर संपवू नका. घाणीपर्यंत न्या, घाणीपासून दोन हॉटेलांपर्यंत न्या, आणि मग उत्पन्न मोजा. एकरी क्विंटल मोजून जवस सोयाबीनपुढं हरणारच. एकरी रुपये मोजा, तेही तेल विकून. खरिपाच्या ज्वारीसाठी काळी न पडणारी जात आणि सगळ्या शिवारानं मिळून राखण, या दोन गोष्टींवर बोला. ज्वारी पौष्टिक आहे हे 2023 च्या भरडधान्य वर्षात ऐकून झालं. आमच्या आज्याला ते आधीच माहीत होतं.

तीन, आपल्याला, म्हणजे कास्तकारांना. सगळं वावर बदला असं मी सांगत नाही, कोणी सांगितलं तर ऐकूही नका. पण रब्बीत हरभऱ्यासोबत जवसाच्या चार ओळी टाकायला कोणाची परवानगी लागत नाही. पाच-सात जणांनी लागून लागून वावरात ज्वारी पेरली तर डुकराचं नुकसान वाटून जाते, एकाच्याच माथी येत नाही. आणि माल द्यायचा शब्द दिला तर लग्नसराईतही पाळायचा. शब्द पाळत नाही म्हणूनच व्यापारी आपल्या मध्ये घुसतो.

चार, खाणाऱ्यांना. धाब्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आपणच आहोत. कापूस विकला की धाबा, बैल घेतला की धाबा, पोराला नोकरी लागली की धाबा, निवडणूक आली की तर विचारूच नका. जे पैसे देतात त्यांनी प्रश्न विचारायला पाहिजे. आपण मिरची कमी-जास्त सांगतो, कांदा परत मागतो, बिलातले दहा रुपये कमी करून घेतो. पण कोंबडी कोणत्या गावची हे विचारत नाही.

तेव्हा या महिन्यात ज्या हॉटेलात जाल, बर्गरच्या असो का हंडीच्या, तिथं बसल्याबरोबर तीन गोष्टी विचारा. भाकरीची ज्वारी कुठली? भाजीत तेल कोणतं? गावरान आहे तर गाव कोणतं? भांडू नका, नीट विचारा. दहा टेबलांवरून एकच प्रश्न आला की अकराव्या दिवशी मालक स्वतः चौकशी करत गावात येईल.

उत्तरं खाली लिहा. हॉटेलाचं नाव टाकू नका, कोणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही. फक्त तालुका आणि मिळालेलं उत्तर लिहा. आणि ज्याच्या घरी आत्ता जवस किंवा ज्वारी विकायला आहे त्यानं किती किलो आणि कोणतं गाव एवढं टाकावं. शंभर किलो जमले तरी चालेल. पहिला धाबेवाला शोधायला मी येतो बरोबर.